रात्रभर पायाकडे कोण ओढत होतं?

"मावशी, माझी गादी पळून गेली!"

पहाटेचे तीन-साडेतीन वाजले असतील. तंबूत मिट्ट काळोख. मी बॅटरी लावून पाहिलं, तर माझी सहावीतली भाची तंबूच्या पार खालच्या कडेला, कापडाला पाय टेकवून, मुटकुळं करून पडलेली. स्लीपिंग बॅग तिच्या अंगावरच होती, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. पण जिच्यावर ती झोपली होती ती फुगवायची चटई वर, रात्री घातली होती तिथंच, रिकामी! म्हणजे गादी पळालीच नव्हती. पळाली होती भाची. तीही गाढ झोपेत, एकही पाऊल न टाकता.

तिला हात धरून वर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, तर पाठ गार पडलेली. "कोणीतरी मला रात्रभर पायाकडे ओढत होतं," ती कुडकुडत म्हणाली. ती घाबरून बोलली खरी, पण तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. कोणीतरी तिला ओढत होतंच. ते कोण, आणि त्याला थांबवायचं कसं, याचा आम्ही पुढचा सगळा दिवस शोध घेतला. तोच तुम्हाला सांगते.

आम्ही होतो कडावला. कर्जतला लोकलमधून उतरायचं, कशेळ्याकडे जाणारा रस्ता धरायचा, की वाटेत कडाव लागतं. इथला गणपती प्रसिद्ध आहे. पण पाठीवर बोजे घेतलेली मंडळी बहुधा इथे न थांबता पुढे जातात: कोणी आंबिवलीहून पेठच्या किल्ल्यावर, म्हणजे कोथळीगडावर, तर कोणी खांडसहून भीमाशंकरला. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत आणि मध्ये भाताची खाचरं. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता. भात कापून झालं होतं आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल उगवून आला होता. वाल म्हटलं की रायगडात थंडीत काय होतं ठाऊक आहे ना? पोपटी! मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आदल्या रात्री आम्ही ती पोटभर खाल्ली आणि ओळखीच्या एका काकांच्या माळावर तंबू टाकून झोपलो.

माळावर का, खाचरात का नाही? खाचरात वाल होता म्हणून. ही साधी गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

आधी त्या गार पाठीबद्दल. स्लीपिंग बॅग असूनही थंडी का वाजावी? बॅगमध्ये जे भरलेलं असतं ते स्वतः ऊब तयार करत नाही. ते फक्त हवेला अडकवून ठेवतं. त्या अडकलेल्या हवेतून अंगाची उष्णता चटकन बाहेर जात नाही, म्हणून ऊब राहते. पण आपण बॅगवर झोपलो, की पाठीखालचं भरण आपल्याच वजनानं चपटं होतं. हवा गेली, ऊब गेली! मग पाठ आणि थंड जमीन यांच्यामध्ये उरतं काय? खालची चटई. म्हणून ती चटई मऊपणासाठी जितकी असते, तितकीच, किंबहुना जास्त, उबेसाठी असते. चटईवरून घसरलात की बॅग कितीही जाड असो, खालून थंडी लागणारच.

सकाळी चहा झाल्यावर आम्ही मोजायला बसलो. भाचीनं अर्धी भरलेली पाण्याची बाटली तंबूत आडवी ठेवली. बाटलीतला हवेचा फुगा झटकन डोक्याकडे धावला. म्हणजे डोक्याची बाजू उंच, पायाची सखल. किती? आम्ही डोक्याजवळून पायाच्या दिशेनं एक दोरी ताणली, बाटलीतला फुगा मधोमध येईपर्यंत ती आडवी केली आणि पायाकडच्या टोकाशी जमिनीपासून तिची उंची मोजली. १८० सेंटिमीटरच्या अंथरुणाला १६ सेंटिमीटर उतार निघाला.

"एवढासाच?" भाची म्हणाली. डोळ्यांना तो उतार दिसतही नव्हता. मग मी तिला समोरचे डोंगर दाखवले. कर्जतहून लोणावळ्याला जो बोरघाट चढतो, ज्यातून १८६३ पासून आगगाडी जाते, तिथला सगळ्यात मोठा चढ आहे ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर उंची. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचा, १९०७ साली पूर्ण झालेल्या त्या मार्गाचा चढ याहून अवघड, २० ला १. आणि आपलं अंथरूण? १८० भागिले १६ करा. जवळजवळ ११ ला १! बोरघाटाच्या तिपटीहून जास्त उतारावर ती रात्रभर झोपली होती. माथेरानच्या गाडीलाही तो रूळ चढवला नसता.

आता ओढणाऱ्याची ताकद काढू. तो अर्थात गुरुत्वाकर्षण. सपाट जमिनीवर ते आपल्याला सरळ खाली दाबतं आणि जमीन आपल्याला तोलून धरते. उतारावर मात्र त्याचा एक छोटा भाग उताराच्या दिशेनं वळतो. तो भाग केवढा, हे उतारच सांगतो. समजा, तुमचं वजन ३० किलो आहे. त्याला १६ नं गुणा, १८० नं भागा. उत्तर येतं सुमारे पावणेतीन किलो. म्हणजे पावणेतीन किलो कांद्याची पिशवी दोरीनं पायाला बांधून कोणी अंथरुणाच्या टोकाशी लोंबकळत सोडावी, तसं ते ओढणं. एक मिनिटभर नाही, रात्रभर.

त्याच्या विरुद्ध उभा असतो आपला मित्र: घर्षण. दोन वस्तू एकमेकींना टेकलेल्या असल्या, की त्या एकमेकींना सरकू देत नाहीत, तेच घर्षण. समजा, ही बॅग आणि ही चटई मिळून वजनाच्या पाव हिश्शाएवढा विरोध करू शकतात. ३० किलोचा पाव हिस्सा साडेसात किलो. ओढणारा पावणेतीन किलोचा, धरणारा साडेसात किलोचा. मग धरणाराच जिंकायला हवा ना? झोपायला गेलो तेव्हा तोच जिंकत होता. भाची झोपली तेव्हा मुळीच घसरली नव्हती.

मग घसरली कधी?

हे मला त्या काकांच्या ओसरीवर कळलं. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप त्यांनी थोडं तिरकं धरलं होतं, तरी तांदूळ जागच्या जागी होते. मग त्यांनी सुपाच्या कडेला बोटांनी टिचक्या मारल्या, टक टक टक, आणि दाणे हळूहळू खाली चालू लागले. उतार तोच, दाणे तेच. बदल फक्त टिचकीचा!

तुम्हीही करून पाहा. वहीच्या पुठ्ठ्यावर एक नाणं ठेवा. पुठ्ठा तिरका करत जा आणि नाणं सुटायच्या जरा आधी थांबा. आता पुठ्ठ्याच्या बाजूला, म्हणजे आडव्या दिशेनं, हलकेच टिचक्या मारा. तुम्ही टिचकी मारता आडवी, पण नाणं सरकतं खाली. मला अजूनही हे पाहताना नवल वाटतं.

याचं कारण असं. घर्षण नेहमी सरकण्याच्या उलट दिशेनं लढतं. वस्तू स्वस्थ असते तेव्हा त्याला एकच काम असतं, उताराला अडवायचं. पण वस्तू आडवी सरकू लागली, की त्याला आडव्या सरकण्याशी झुंजावं लागतं. कबड्डीत सगळे खेळाडू उजव्या कोपऱ्यात धावले, की डावा कोपरा उघडा पडतो ना? तसंच त्या क्षणी उताराची बाजू उघडी पडते आणि गुरुत्वाकर्षण तेवढ्यात बोटभर खाली ओढून घेतं. झोपेत आपण कूस बदलतो, पाय झाडतो, पालथे होतो. प्रत्येक वेळी एक टिचकी! कधी दोन बोटं, कधी चार. रात्रभरात अशा कितीतरी टिचक्या बसतात आणि सकाळी चटई एकीकडे, आपण दुसरीकडे. भाची घसरून पडली नव्हती, ती सुपातल्या तांदळासारखी हळूहळू चालत गेली होती.

दुपारी काकांनी एक जुनी फळी दिली आणि मग आम्हाला जो खेळ सापडला, तो तुम्ही सुट्टीत जरूर खेळा. फळीचं एक टोक जमिनीवर, दुसरं हळूहळू उचलायचं. वर ठेवलेली वस्तू ज्या क्षणी सुटेल तिथं थांबायचं. उचललेल्या टोकाची उंची मोजा. त्या टोकाच्या बरोबर खालच्या जमिनीपासून टेकलेल्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. उंचीला अंतरानं भागा. आलेली संख्या म्हणजे त्या दोन पृष्ठभागांची पकड. १०० सेंटिमीटर अंतराला २५ सेंटिमीटर उंचीवर वस्तू सुटली, तर पकड ०.२५, म्हणजे मघाचा पाव हिस्सा.

आम्ही फळीवर आलटून पालटून फुगवायची चटई, फोमची कॅरीमॅट, सतरंजी आणि काकांची काळी घोंगडी बांधली. वर प्रत्येक वेळी तीच स्लीपिंग बॅग, आत एक दगड घालून. फुगवायच्या चटईवरून बॅग सगळ्यात आधी सुटली. कॅरीमॅटवर आणि सतरंजीवर बरीच टिकली. आणि घोंगडीवर? फळी इतकी उभी करावी लागली की भाचीचे हात भरून आले!

बॅग एकच होती, लक्षात आलं का? आपण म्हणतो, "ही बॅग फार घसरते." पण घसरणं हा एकट्या बॅगचा गुण नाहीच. घर्षण दोघांचं मिळून असतं, फुगडीसारखं. फुगडीत हात दोघींचे गुंफलेले हवेत. एकीनं कितीही घट्ट धरलं आणि दुसरीनं सैल सोडलं, तर फुगडी सुटतेच.

मग भाचीनं दोन सुरेख प्रश्न विचारले. "दगड मोठा घातला तर बॅग लवकर सुटेल?" आणि "बॅग घडी घालून लहान केली तर?" तुम्हाला काय वाटतं? आधी अंदाज लिहून ठेवा, मग करून पाहा. आमची बॅग दोन्ही वेळा जवळपास त्याच उंचीवर सुटली. वजन वाढलं की ओढ वाढते, पण पकडही तेवढीच वाढते. म्हणून एकाच उतारावर, एकाच चटईवर, किडकिडीत ताई आणि दांडगे मामा सारखेच घसरतील. आणि टेकलेली जागा लहान की मोठी, यानं फरक पडत नाही. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या लिओनार्दो दा विंचीनं ठोकळे ओढून हेच टिपून ठेवलं होतं. त्यानं तर घर्षण वजनाच्या पाव हिश्शाएवढं असतं असंही लिहिलं. पण त्याच्या वह्या तशाच पडून राहिल्या आणि फ्रान्समधल्या आमोन्तों यांना हे नियम १६९९ साली नव्यानं शोधावे लागले. मग १७८५ साली कुलोम यांनी खूप प्रयोग करून ते पक्के केले. फळी, दगड आणि दोरी एवढ्यावर हे सगळं सुरू झालं, हे मला फार आवडतं.

पण जागा मोठी असून फरक का पडू नये? ओसरीसमोरच्या एका खाचराकडे पाहा. भात कापल्यावर धसकटं उरलीत. आता असंच धसकटांनी भरलेलं दुसरं खाचर उचलून यावर उपडं घातलं, तर काय होईल? दोन्हींची फक्त काही टोकं एकमेकांना टेकतील. बाकी सगळीकडे मध्ये पोकळी. गुळगुळीत दिसणारी कुठलीही वस्तू भिंगाखाली पुष्कळ मोठी करून पाहिली, तर अशीच धसकटांची निघते. खरी टेकणारी जागा फार थोडी असते. वजन वाढवलं की आणखी टोकं दाबली जाऊन टेकतात, म्हणून पकड वाढते. तेच वजन मोठ्या जागेवर पसरलं की प्रत्येक ठिकाणी दाब कमी, टेकणारी टोकं कमी. एकूण हिशेब तोच.

रबराची गोष्ट जरा वेगळी आहे. मऊ रबर त्या धसकटांमध्ये ओल्या चिखलासारखं दबून बसतं, सांदीकोपऱ्यांत शिरतं. म्हणून ते खूप जास्त ठिकाणी टेकतं आणि घट्ट धरतं. बुटांचे तळवे, गाड्यांचे टायर, खोडरबर, सगळे याच गुणावर चालतात.

आता आमच्या बॅगचं नायलॉन आणि घोंगडी. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्याचा धागा करायचा तर वितळलेला रस बारीक छिद्रांतून बाहेर ओढतात, आपण सोऱ्यातून शेव पाडतो तसा. त्यामुळे धागा सलग, लांबच लांब आणि काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. फुगवायच्या चटईचं कापडही बहुतेक वेळा याच जातीचं. गुळगुळीतावर गुळगुळीत! मग नायलॉन वापरतातच कशाला? ते हलकं असतं, वारा अडवतं, बॅग गुंडाळून छोट्याशा पिशवीत कोंबता येते. आणि आतून ते खरखरीत असतं, तर झोपेत कूस बदलताना सगळी बॅग अंगाला पिळा घालून बसली असती. घसरटपणाचेही उपयोग आहेत.

कापसाचा एकेक तंतू मात्र जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. असे हजारो तंतू पिळून सूत होतं आणि त्यांची टोकं जागोजागी बाहेर डोकावतात. सतरंजीवर गाल घासून पाहा, ती टोकं टोचतील. लोकरीत तर याहून गंमत आहे. मेंढीच्या केसावर कौलांसारखे खवले असतात, एकावर एक चढवलेले, सगळ्यांची तोंडं केसाच्या टोकाकडे. आपल्याही केसावर असतात. आत्ताच्या आत्ता पाहा! कंगव्यात अडकलेला एक लांब केस घ्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये लांबीच्या दिशेनं धरा आणि बोटं पुढे-मागे चोळा. केस एकाच दिशेनं सरकत सरकत निघून जाईल, मुळाच्या दिशेनं. तुम्ही दोन्हीकडे सारखंच चोळताय, पण खवले एका दिशेनं वाट देतात आणि दुसऱ्या दिशेनं अडवतात. घोंगडीत असे असंख्य केस, असंख्य टोकं, हव्या त्या दिशेला तोंडं केलेली. तिच्यावर नायलॉनची बॅग ठेवली, की ती टोकं विणीत रुतून बसतात. पावसापाण्यात डोंगर तुडवणाऱ्या धनगरांनी घोंगडी उगाच जपलेली नाही. ती पांघरायलाही चांगली आणि अंथरायलाही.

संध्याकाळी काका गोष्टीत सामील झाले. त्यांना पकड म्हटली की रेल्वे आठवते. लोणावळ्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. गाडी तेवढा वेळ थांबते, म्हणून तर कर्जतचा बटाटेवडा इतका खपतो! भाचीला वाटलं, जादा इंजिन फक्त जादा ताकदीसाठी. पण लोखंडाचं चाक लोखंडी रुळावर असतं, दोन्ही गुळगुळीत. ताकद कितीही असली तरी चाकानं रूळ धरलाच नाही, तर चाक जागच्या जागी गरगरेल. इंजिन जितकं जास्त वजन आपल्या फिरणाऱ्या चाकांवर टाकेल, तितकी पकड. जादा इंजिन म्हणजे जादा ताकद आणि जादा पकड दोन्ही. शिवाय इंजिनात वाळूची पेटी असते. रूळ ओले होऊन चाक घसरू लागलं, की नळीतून चाकापुढे वाळू सोडतात.

"पण काका," भाची म्हणाली, "शाळेत फरशीवर वाळू पडली की आम्ही घसरून आपटतो. मग गाडी का नाही घसरत?"

काय नेमका प्रश्न! उत्तर वजनात आहे. इंजिनाच्या चाकाखाली वाळूचा कण भरडला जातो आणि त्याचे तुकडे लोखंडात रुततात. आपण त्यामानानं पिसासारखे. आपल्या पायाखाली कण अखंड राहतो आणि सांडलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखा घरंगळतो, त्याच्याबरोबर आपणही. म्हणून माळावरची धूळ चटईवर बसली, की ती आधी ओल्या फडक्यानं पुसायला हवी. रबराचीसुद्धा पकड धुळीनं जाते.

आता तंबूत पुन्हा शिरू, कारण एक भानगड राहिली आहे. घसरण्याची जागा एकच नाही. जमिनीवर तंबूचं तळकापड, त्यावर चटई, चटईवर बॅग, बॅगच्या आत तुम्ही. बॅग आणि चटई एकमेकींना घट्ट बांधल्या, तर दोघी मिळून तळकापडावरून घसरतील. तळकापडाची पकड वाढवली, तर आपण बॅगच्या आत खाली सरकून पायाकडे गोळा होऊ. ज्या जोडीची पकड सगळ्यात कमी, ती आधी सुटते. म्हणून उपाय करताना आधी ओळखायचं, नेमकी कुठली जोडी सुटतेय. भाचीची चटई जागच्या जागी होती, म्हणजे सुटली होती चटई आणि बॅग ही जोडी.

त्या जोडीसाठी ट्रेकर मंडळी नाना युक्त्या करतात. कोणी चटईवर सिलिकॉनचे थेंब टाकतं. खिडकीच्या काचा बसवायला जे वापरतात तेच. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे थेंब, घरातल्या मोठ्यांच्या मदतीनं, उघड्या हवेत, आणि एक दिवस वाळू द्यायचे. वाळल्यावर ते रबरासारखे होतात. कोणी कपाटात भांड्यांखाली घालतात ती जाळीदार रबरी मॅट मध्ये अंथरतं. काही बॅगांना खालून खिसाच असतो, चटई त्यात सरकवायची. माझ्या आईनं भाचीची हकिगत फोनवर ऐकली आणि म्हणाली, "अगं, उशीला अभ्रा घालतो तशी जुन्या साडीची खोळ शिवून दोन्ही आत घाल!" मला विचाराल तर हाच सगळ्यात छान उपाय. हलका, फुकटचा, आणि त्याला आजीचा वास.

पण काकांचं म्हणणं निराळं होतं. "घसरतंय म्हणून बांधायचं कशाला? जिथं घसरतच नाही तिथं झोप की, पोरी." त्यांनी एक ताट आणलं, त्यात बोटभर पाणी ओतलं आणि आम्हाला घराच्या मागे नेलं. तिथं खळं होतं, भाताची झोडणी करायची जागा, चोपून शेणानं सारवलेली. वाटेत जिथं जिथं ताट टेकवलं, तिथं पाणी एका काठाकडे धावलं. खळ्यावर मात्र ते चहूकडे सारखं उभं राहिलं. गवंडी पाणसळ लावून विटांचा थर समपातळीत आणतो, त्यामागेही हेच पाणी. मग मला खाचराचा अर्थ नव्यानं लागला. खाचरात भाताला पाणी सगळीकडे सारखं उभं राहायला हवं, म्हणून शेतकरी ते पिढ्यान्पिढ्या सपाट करत आलेत. माळ आणि वरकस जमीन तशीच उताराची राहिली. त्या सगळ्या शिवारात झोपायला सगळ्यात सपाट जागा खाचराची, आणि तीत वाल! उरलं खळं.

रात्री आम्ही खळ्यावर पेंढा पसरला, त्यावर तंबू, तंबूत घोंगडी, तिच्यावर चटई आणि, भाचीच्या आग्रहावरून, चटईवर काकांची सतरंजी. तरीही पायाशी अडसर म्हणून सॅक. "आता ओढ म्हणावं," असं काळोखाला सांगून ती झोपली.

पहाटे मला जाग आली ती कोंबड्याच्या बांगेनं. तंबू दवानं भिजून जड झाला होता. भाची चटईच्या बरोबर मध्ये, तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. बाहेर आले तर काकांचं ताट रात्रभर तिथंच राहिलेलं. पाणी अजून काठापासून सारखं उभं होतं आणि त्यावर भाताचं एक कुसळ तरंगत होतं, कुठल्याच बाजूला न जाता.